मुरबाडची भेंडी, पालिकेची शाळा आणि आपली बाल्कनी

सरकारी हिशेबाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाच्या ताटात दुपारी ५० ग्रॅम भाजी असायला हवी, सहावी ते आठवीच्या मुलाच्या ताटात ७५ ग्रॅम. ५० ग्रॅम म्हणजे पाच-सहा मध्यम भेंड्या. फार नाही. पण शंभर मुलांची शाळा धरली की रोजची पाच किलो भाजी झाली, आणि ती शाळा भरेल त्या प्रत्येक दिवशी, सकाळी वेळेत, निवडण्याजोग्या अवस्थेत हवी. ती येते कुठून? ठाण्यात बसून हा प्रश्न विचारला की जरा विचित्र वाटतं. कारण याच जिल्ह्याच्या एका टोकाला मुरबाड-शहापूरची शेतं आहेत आणि दुसऱ्या टोकाला ठाणे-नवी मुंबईतल्या पालिकेच्या शाळा. मधे लोकलची एक लाइन.

‘शाळेत आपल्या भागातली भाजी आणा’ आणि ‘घरी भाजी पिकवा’ ही दोन वाक्यं हल्ली जोडीनेच कानावर येतात. पालकसभेत येतात, सोसायटीच्या ग्रुपवर येतात, ५ जूनच्या पर्यावरण दिनाच्या भाषणात तर हमखास येतात. ऐकताना एकच गोष्ट वाटते. पण दोघांची कामं वेगळी आहेत. शाळेचं पातेलं भरायचं असेल तर शेतकऱ्याशी व्यवहार जमवावा लागतो, आणि व्यवहार म्हटला की भाव, पावती, गाडी, उधारी सगळं आलं. शाळेची परसबाग किंवा आपली बाल्कनी ते पातेलं भरू शकत नाही. तिचा उपयोग आहे, मोठा आहे, पण दुसरीकडे आहे. आधी पातेल्याचं बघू.

ताटामागचा हिशेब

मुलांना दुपारचं जेवण देण्याची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. सुरुवातीला बऱ्याच राज्यांत जेवणाऐवजी कोरडं धान्य घरी द्यायचे. तांदूळ पिशवीत घालून मुलं घरी न्यायची. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या, असा आदेश दिला आणि शाळांमधून चुली पेटल्या. २०२१ मध्ये योजनेचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण झालं. शिक्षकांच्या तोंडी ती अजून ‘पोषण आहार’ आहे आणि मुलांच्या तोंडी ‘खिचडी’. सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतली बालवाटिका (पहिलीच्या आधीचा वर्ग) ते आठवीची मुलं यात येतात.

तांदूळ केंद्र सरकार अन्न महामंडळाच्या गोदामातून फुकट देतं. बाकीच्या सामानाचा खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा वाटून घेतात. १ मे २०२५ पासून हा सामानाचा खर्च प्राथमिकच्या एका मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे १० रुपये १७ पैसे ठरला आहे. एवढ्यात डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला आणि गॅस बसवायचा.

हा आकडा जरा उलगडून बघण्यासारखा आहे. प्राथमिकच्या शंभर मुलांमागे दिवसाला ६७८ रुपये. नियमाप्रमाणे त्यातून २० ग्रॅमच्या हिशेबाने दोन किलो डाळ, पाच किलो भाजी आणि अर्धा किलो तेल यायला हवं, आणि वर गॅस-मसाला. समजा भाजी सरासरी ४० रुपये किलो पडली, तर भाजीचे २०० रुपये होतात आणि गाडी कशीबशी ओढली जाते. पावसाळ्यात तीच भाजी ८० रुपये किलो झाली की ४०० रुपये तिथेच गेले, आणि मग डाळ तरी पातळ होते नाहीतर भाजी तरी गायब होते. पातेल्यात बटाटा, कोबी आणि दुधीच फिरून फिरून का दिसतात, याचं उत्तर या आकड्यांत आहे. या तीन भाज्या टिकतात, चिरायला सोप्या जातात आणि भावाने फारसा दगा देत नाहीत. राज्याने जून २०२४ मध्ये जेवणात मोड आलेली कडधान्यं, खीर, नाचणी सत्त्व असे पदार्थ घालून पाककृतींची यादी वाढवली. यादी चांगली होती. पण यादी वाढली म्हणून बाजारातला भाव खाली येत नाही.

आता एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण पालकांची निम्मी शक्ती तो न समजल्यामुळे वाया जाते. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत स्वयंपाकी ताई शाळेतच रांधतात. डाळ-तेल बहुधा पुरवठादाराकडून येतं, पण भाजी आणि सरपण-गॅस शाळा स्वतः घेते. मुख्याध्यापकांच्या भाषेत ‘इंधन-भाजीपाला’. म्हणजे मुरबाडच्या एखाद्या शाळेच्या गुरुजींनी मनात आणलं तर उद्या सकाळी शेजारच्या बांधावरची काकडी ताटात येऊ शकते. शहरात तसं नाही. इथे केंद्रीय स्वयंपाकगृह असतं. एखादी संस्था किंवा महिला बचत गट एका जागी हजारो मुलांचं जेवण शिजवतो आणि डबे टेम्पोने शाळाशाळांत जातात. ठाण्यातल्या पालिकेच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला त्या डब्यात कोथिंबिरीची काडीसुद्धा स्वतःच्या मर्जीने घालता येत नाही. तिच्यापुढे जाऊन ‘मॅडम, ताजी पालेभाजी का नाही?’ असं विचारणं म्हणजे कंडक्टरला रस्त्यातल्या खड्ड्यांचा जाब विचारणं. शहरात भाजी कुठून येणार हे ठरतं ते स्वयंपाकगृहाचं काम देताना घातलेल्या अटींत. तिथे ‘आठवड्यातून इतके दिवस हंगामी पालेभाजी, जिल्ह्यातल्या उत्पादक गटाकडून’ अशी ओळ असली तर भाजी येईल. नसली तर कंत्राटदार स्वस्त आणि सोयीचं तेच घेईल, आणि त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही.

भाजी वळसा का घालते

मुरबाडहून कल्याण तीसेक किलोमीटर, तिथून ठाणे लोकलने अर्ध्या तासाच्या आत. तरी मुरबाडची भेंडी बऱ्याचदा रात्री गाडीत चढते, वाशीच्या घाऊक बाजारात उतरते, तिथे गाळेवाल्याच्या हातून जाते आणि पहाटे दुसऱ्या टेम्पोत बसून ठाण्याला येते. वाशीचा बाजार मुंबईतून इकडे आला तो रस्त्यांवरची गर्दी कमी करण्यासाठी. कांदा-बटाटा १९८१ मध्ये हलला, भाजी आणि फळं १९९६ मध्ये. तेव्हापासून सगळ्या महामुंबईची भाजी तिथून पुन्हा वाटली जाते.

यात सगळं वाईटच आहे असं मानायचं कारण नाही. दलालाला शिव्या घालणं सोपं आहे. पण त्या बाजारात शेतकऱ्याला एक गोष्ट मिळते: आज तोडलेला सगळा माल आज जातो. भेंडी दिवसाआड तोडावीच लागते. दोन दिवस थांबलात तर ती जून होते, धागा धरते, आणि झाडही नवीन फळ धरायला कुरकुर करतं. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली, म्हणून भेंडी सुट्टी घेत नाही. गाळेवाला २० किलो आणा तरी घेतो, २०० किलो आणा तरी घेतो. भाव पडेल, पण माल परत न्यावा लागणार नाही. शाळा मात्र म्हणते: मला पाच किलोच हवी, सोमवारी हवी, शनिवारी नको, परीक्षेच्या आठवड्यात निम्मी पाठवा. अशा गिऱ्हाइकासाठी कोण गाडी काढेल?

दुसरी अडचण कागदाची. शाळेला किंवा स्वयंपाकगृहाला पावती लागते. शेतकरी पावतीपुस्तक घेऊन फिरत नाही. तिसरी अडचण पैशाची, आणि माझ्या मते खरी गोम हीच आहे. सरकारी पैसा उशिरा येतो. नाक्यावरचा भाजीवाला महिनाभर वहीत मांडून ठेवतो, कारण त्याची बाकीची रोख विक्री चालू असते. दोन एकरांच्या शेतकऱ्याला ते परवडत नाही. त्याला मजुरी संध्याकाळी द्यायची असते. म्हणून ‘थेट शेतकऱ्याकडून’ ही घोषणा जिथे फसते तिथे बहुतेक वेळा ती उधारीत फसलेली असते.

कायद्याची आडकाठी म्हणाल तर ती आता नाही. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळं आणि भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या केल्या. शेतकरी समितीच्या आवाराबाहेर कुणालाही विकू शकतो. शहरांत शेतकरी आठवडे बाजार भरू लागले त्याला याच सुमाराला जोर आला. मग शाळेपर्यंत पोचायला मधे कुणीतरी हवं, जो दहा-वीस शेतकऱ्यांचा माल एकत्र करील, पावती देईल, आठवड्याला शेतकऱ्याचे पैसे चुकते करील आणि शाळेकडून महिन्याने घेईल. हे काम शेतकरी उत्पादक कंपनी करू शकते, बचत गटांचा संघ करू शकतो. शाळेने नको म्हटलेल्या दिवशी तोच माल सोसायटीच्या गेटवर विकायची सोय त्यांच्याकडे असली की भेंडीच्या सुट्टीचा प्रश्नही सुटतो. थोडक्यात, मधला माणूस हटवायचा नाही. शेतकऱ्याच्या बाजूचा मधला माणूस उभा करायचा.

हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं ते ब्राझीलने. तिथल्या २००९ च्या कायद्याने शाळांच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशांपैकी किमान ३० टक्के पैशांची खरेदी लहान, कुटुंबाने कसलेल्या शेतीतून करणं बंधनकारक केलं. महत्त्वाचा शब्द ‘किमान’. शेतकऱ्याला पेरण्याआधीच कळतं की आपल्या मालाला गिऱ्हाईक आहे, आणि तो त्या हिशेबाने वाफे लावतो. आपल्याकडे एवढा मोठा नियम होईल तेव्हा होईल, पण एखाद्या स्वयंपाकगृहाने ‘डिसेंबर ते मार्च, दर बुधवारी, इतके किलो पालक’ असं लेखी दिलं तरी तेच तत्त्व लागू पडतं.

जवळचं काय आणि कधी

सगळंच जवळचं हवं, हा हट्ट धरू नये. कांदा नाशिक-पुण्याकडून येणार, बटाटा त्याहून लांबून, आणि येऊ दे. ते टिकतात, दोनशे किलोमीटर प्रवासाने त्यांचं फारसं बिघडत नाही. खरा फरक पालेभाजीत पडतो. पालक, माठ, मेथी तोडल्यापासून कोमेजायला लागतात आणि त्यांतलं क जीवनसत्त्व तासातासाने कमी होत जातं. त्यामुळे जवळून आणायची तर पालेभाजी आधी, मग भेंडी, काकडी, शेंगा. कांदा-बटाट्याच्या नादी लागूच नये.

आता हंगाम. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात तेव्हा मुरबाड-शहापूरकडे सगळं लक्ष भाताच्या लावणीकडे असतं. बांधावर आणि मांडवावर काकडी, शिराळी, पडवळ, कारली चढतात ती श्रावण-भाद्रपदात हाताशी येतात. भात कापलं की शेतातल्या ओलीवर वाल टाकतात, आणि जिथे नदी-बंधाऱ्याचं पाणी आहे तिथे भेंडी, गवार, काकडी, पालेभाज्या लावतात. म्हणजे शाळेसाठी आपल्या जिल्ह्याची टोपली सगळ्यात भरलेली असते ती डिसेंबर ते मार्च. एप्रिलपासून ती रिकामी होत जाते, कारण पाणी नसतं. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात. त्यांचं पाणी नळाने मुंबईला जातं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. शहरातल्या शाळेला मे महिन्यात सुट्टी असते हे या बाबतीत बरंच म्हणायचं.

पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात ठाणे स्टेशनबाहेर आणि जांभळी नाक्याच्या कडेला वेगळीच भाजी दिसते. कसारा-कर्जतकडच्या आणि येऊरच्या आदिवासी बायका टोपल्या मांडून बसतात. टाकळा, कुरडू, भारंगी, थोडं पुढे कंटोली. आणि शेवळं: वीतभर लांब, टोकाशी निमुळती, तपकिरी-जांभळ्या कोंबांची जुडी. तिच्यासोबत मूठभर हिरवी, आवळ्याहून लहान, आंबट फळं देतात, ती काकडं. काकडं घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात, कारण अळूसारखेच त्यांतही ऑक्झलेटचे सूक्ष्म काटेरी कण असतात. आंबट त्यांना आवरतं. ‘काकडं टाक गो बाय, नायतर रातभर घसा खाजवशील,’ हे विकणारी बाई न विचारता सांगते. एवढं ज्ञान जुडीसोबत फुकट मिळतं. पण हजार मुलांच्या पातेल्यात रानभाजी घालावी का? माझं मत, नाही. ओळख चुकली तर धोका आहे, आणि शहरातल्या शाळांच्या रोजच्या मागणीला जंगल पुरं पडणार नाही. मागणी वाढली की कंदासकट उपटलं जाईल. ऑगस्टमध्ये कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे मुलांना न्यावं, एखाद्या दिवशी टाकळ्याची भाजी वर्गात चाखायला द्यावी. तेवढं पुरे.

परसबागेचं गणित

शाळेत पोषण परसबाग करा, असं केंद्राने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सांगितलं, आणि राज्यात शाळांच्या परसबागांच्या स्पर्धाही होतात. फोटो छान येतात. गणित मात्र कुणी मांडत नाही, ते मांडू.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०० चौरस मीटर. पायवाटा, कडा, कंपोस्टचा खड्डा सोडला की वाफ्यांना ६० चौरस मीटर उरतात. पालक-मेथीसारखी भाजी चांगली आली तर चौरस मीटरला किलोच्या आसपास निघते. म्हणजे एका खेपेला ५०-६० किलो. शंभर मुलांना रोज पाच किलो लागते, तर ही खेप दहा-बारा दिवस पुरेल, आणि ती तयार व्हायला महिना लागेल. ही झाली अख्खा गुंठा मोकळा असलेल्या शाळेची गोष्ट. नौपाड्यातल्या किंवा कोपरखैरण्यातल्या किती शाळांकडे उन्हातला मोकळा गुंठा आहे? बहुतेकांकडे पेव्हर ब्लॉकचं आवार आणि झेंडावंदनाचा कट्टा. नवी मुंबईत आणखी एक गंमत. सिडकोने ९५ गावांची जमीन घेऊन शहर वसवलं. त्यात भातखाचरं होती, मिठागरं होती, खाडीकाठची खार जमीन होती. आज सिडकोच्या एखाद्या नोडमधल्या, म्हणजे आखून वसवलेल्या उपनगरातल्या, शाळेच्या आवारात कुदळ मारली तर वीतभर मातीखाली भरावाचा मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा लागतो. तिथे थेट जमिनीत पेरण्यापेक्षा विटांचे उंच वाफे करून त्यात बाहेरची चांगली माती घालणं शहाणपणाचं.

मग परसबाग कशाला? तर खाण्याच्या सवयीसाठी. पोषण आहाराचं ताट संपल्यावर कडेला काय उरतं ते एकदा जाऊन बघा: दुधीच्या फोडी, टोमॅटोची सालं, कढीपत्ता, ओळीने वेचून ठेवलेलं. ५० ग्रॅम भाजी पातेल्यात पडली याचा अर्थ ती पोटात गेली असा होत नाही. ज्या मुलांनी भाजी स्वतः लावली ती मुलं ती चाखून बघायला जास्त तयार होतात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. चाखायला तयार होणं म्हणजे रोज वाटीभर खाणं नव्हे, हेही तेच अभ्यास सांगतात. पण सुरुवात तिथूनच होते. त्यामुळे शाळेच्या बागेचं यश किलोत मोजू नये. चार वाफे, पण प्रत्येक वाफा एका वर्गाचा. पेरणी, पाणी, तोडणी त्यांचीच. आणि तोडलेलं त्याच दिवशी कोशिंबिरीत किंवा खिचडीवर घालून खायला मिळणार. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. नुसती बघायची बाग केली तर मुलांना ती प्रयोगशाळेच्या कपाटाइतकीच परकी राहते.

आणि सुट्टीत पाणी कोण घालणार, हे बी पेरायच्या आधी ठरवावं. बहुतेक शालेय बागा मे महिन्यात मरतात. त्यापेक्षा एप्रिलच्या शेवटी बाग मोकळी करून माती झाकून ठेवणं सोपं. शेवगा, कढीपत्ता, गवती चहा एवढेच कोपऱ्यात ठेवावेत, ते थोडी हयगय सोसतात.

बाल्कनीत काय जमतं

घरच्या भाजीने भाजीवाल्याचं बिल कमी होईल, या आशेने सुरू करू नका. भेंडीची दहा-बारा झाडं लावली तर दिवसाआड सांबारात घालण्यापुरती भेंडी मिळते. पण मिरची, कढीपत्ता, ओली हळद, पालेभाजीची एखादी जुडी, मायाळू, अळू एवढं दोनशे चौरस फुटांच्या गच्चीवरच काय, चार फुटांच्या बाल्कनीतही निघतं.

पहिला प्रश्न उन्हाचा. पालेभाजीला तीन-चार तास थेट ऊन चालतं. मिरची, टोमॅटो, भेंडीला सहा तास लागतात. ठाणे साधारण १९.२ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरमध्ये दुपारी सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर, आणि दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येतं. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तोच सूर्य भर दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, आणि दक्षिणेची बाल्कनी सावलीत जाते. म्हणून एकाच कुंडीत मिरची हिवाळ्यात फुलते आणि जूनमध्ये रुसते. त्यात तुमचा दोष नसतो. समोर टॉवर उभा राहिला असेल तर मात्र सगळी गणितं विसरा आणि मायाळू-अळू-पुदिन्यावर समाधान माना.

दुसरा प्रश्न वजनाचा. सोसायटीतली भांडणं गळतीवरून होतात, पण खरी काळजी वजनाची करावी. वापरात असलेल्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण १५० किलो जादा भार धरून आखतात. एक फूट जाडीची ओली माती चौरस मीटरला ५००-६०० किलोपर्यंत जाते. म्हणजे गच्चीवर मातीचे वाफे घालणं हा बागकामाचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनीअरचा विषय आहे. उपाय हलक्या मिश्रणाचा: एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग कंपोस्ट, मूठभर निंबोळी पेंड. त्यात वाळका पालापाचोळा दडपून घातला तर आणखी हलकं. सहा इंचांत पालेभाजी मजेत येते. कुंड्या स्लॅबच्या मध्यावर न ठेवता तुळई-भिंतींच्या कडेने ठेवाव्यात. आणि गच्ची सगळ्यांची असते, तेव्हा आधी सर्वसाधारण सभेत ठराव. नाहीतर वरच्या मजल्यावरची ओल, खरी असो वा जुनी, तुमच्याच कुंड्यांच्या नावावर लागते.

सुरुवात समुद्र मेथीपासून करावी. बाजारात पांढऱ्या मुळांसकट छोट्या छोट्या जुड्या मिळतात ती ही. समुद्रकाठच्या रेताड जमिनीत दाट पेरून कोवळीच उपटतात. घरी पसरट ट्रेमध्ये दोन इंच रेती-मातीचं मिश्रण, त्यावर रात्रभर भिजवलेले स्वयंपाकघरातलेच मेथीदाणे दाट पसरायचे, वर पातळ थर. दोन-तीन दिवसांत कोंब, दोन आठवड्यांच्या आत भाजी. लहान मुलांचा धीर एवढाच टिकतो. लाल माठाला महिना लागतो, कोथिंबिरीला सव्वा महिना. धणे मात्र लाटण्याने हलके रगडून दोन फोडी करून पेरायचे, आणि पावसाळ्यात पेरायचेच नाहीत. आपल्याकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. कोवळी रोपं बुडाशी कुजून एका रात्रीत आडवी होतात आणि कुंडीतलं खत धुऊन जातं. पावसाळा अळू, मायाळू, काकडी, शिराळीचा. कोथिंबीर, पालक, टोमॅटो, मुळा दसरा झाल्यावर.

वेल चढवलात तर फुलं दिसतात, फळ धरत नाही, अशी तक्रार ठरलेली. दहाव्या मजल्यावर परागीकरण करायला येणार कोण? दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. नराचं फूल लांब, बारीक देठावर असतं. मादीच्या फुलामागे बोटाच्या पेराएवढा केसाळ दुधी आधीपासूनच दिसतो. दिवेलागणीच्या सुमाराला नराचं फूल खुडायचं, पाकळ्या मागे वळवायच्या आणि मधला पिवळा दांडा मादीच्या मधोमध हलकेच फिरवायचा. झालं. तीन-चार दिवसांत तो पेराएवढा दुधी फुगायला लागतो किंवा पिवळा पडून गळतो. दोन्ही लगेच कळतं. दुधी न खाणारी मुलं हे काम मात्र रांग लावून करतात.

कीड म्हणजे मुख्यतः मावा आणि पांढरा पिठ्या ढेकूण. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब भांड्याचा साबण, संध्याकाळी फवारायचं. पण ठाणे-नवी मुंबईतली खरी कीड कबूतर. रोपं खुडतात, कुंडीत अंडी घालतात. जाळीशिवाय इलाज नाही. आणि कुंड्यांखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढून टाकाव्यात. डासांच्या अळ्या तपासायला येणारे पालिकेचे लोक पहिली नजर तिथेच टाकतात, आणि बरोबर टाकतात.

जवळचं म्हणजे स्वच्छच असं नाही

रेल्वेरुळांच्या कडेला पालक-माठाचे वाफे आपण सगळेच लोकलमधून बघतो. त्याहून जवळची भाजी कुठली? पण जिथे वाफ्याला शेजारच्या नाल्याचं पाणी जातं, तिथे सांडपाण्यातले जंतू आणि कारखान्यांचे धातूही जाऊ शकतात. जंतू शिजवल्यावर मरतात, शिसं-कॅडमियम मरत नाही. तेव्हा शाळेसाठी भाजी ठरवताना किती किलोमीटरवरून आली यापेक्षा कुठल्या पाण्यावर आली हे आधी विचारावं. हाच नियम शाळेच्या बागेला: एमआयडीसीच्या पट्ट्यातली किंवा भरावाची माती असेल तर ती मृदा प्रयोगशाळेत दाखवून घ्यावी, आणि धातूंची तपासणी करा असं मुद्दाम सांगावं; नेहमीच्या माती परीक्षणात नत्र-स्फुरद-पालाश कळतं, शिसं कळत नाही.

ज्या पालकांची मुलं खाजगी शाळेत आहेत त्यांना यातलं पोषण आहाराचं प्रकरण लागू नाही, पण त्यांचं काम उलट सोपं आहे. तिथे कॅन्टीन शाळेचंच असतं, पैसेही वेळेवर देता येतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरपर्यंत जास्त मीठ-साखर-चरबीचे पदार्थ विकायला मनाई केली आहे. म्हणजे वेफर्सची जागा रिकामी करायचीच आहे. तिथे हिवाळ्यात उकडलेल्या वालाच्या शेंगा, काकडी, बोरं, पेरू ठेवता येतात. एका उत्पादक गटाशी एका पदार्थाचं, एका वाराचं बोलणं करावं. एकदम सगळी भाजी मागू नये. पैसे दर आठवड्याला. आणि हे बोलणं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये व्हायला हवं. भात कापल्यावर कुठल्या तुकड्यात काय लावायचं हे शेतकरी तेव्हा ठरवत असतो. डिसेंबरमध्ये जाऊन ‘पालक आहे का?’ विचारलंत तर असलेला पालक आधीच वाशीच्या गाडीला लागलेला असतो.